श्रावणातली कॅप्सूल

२२ ऑगस्ट, शुक्रवार. उद्या श्रावण संपतो आणि बुधवारी गणपती. सणाच्या गर्दीत मागच्या फळीकडे बघायला फुरसत मिळत नाही, म्हणून दुपारच्या शांततेत मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढायला घेतली आहेत. स्टुलावर चढायचं, एकेक खोका खाली घ्यायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि पट्टीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली तारीख वाचायची. कंपनीला परत करायची ती टोपलीत, अजून चालणारी पुढच्या रांगेत. या कामात डोकं लागत नाही, फक्त मान लागते. आणि डोकं रिकामं राहिलं की मला चैन पडत नाही. म्हणून मधेच खाली उतरून हे लिहिते आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आहे : 'औषधाच्या दुकानातले अनुभव लिहा, थोडे गमतीचे असू द्या.' गमतीचे म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. आमच्या दुकानात सहसा कोणी हसत येत नाही.

दुकान बोईसरला आहे. एका बाजूला कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, दुसऱ्या बाजूने किनाऱ्यावरच्या दांडी-घिवलीच्या रिक्षा येतात. अणुशक्तीच्या वसाहतीतले लोक येतात, बिहार-यूपीचे कामगार येतात, आणि सगळे या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. फार्मसीचं शिक्षण माझं, परवाना माझ्या नावावर, भिंतीवरच्या चौकटीत फोटोही माझाच. तरी नवीन गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतं, "कोणी आहे का?" पूर्वी राग यायचा. आता मीही मागे वळून बघते आणि म्हणते, "नाही, मीच आहे. चालेल का?"

काउंटरचा फ्रीजकडचा कोपरा बायकांचा. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण बाई आत आली की आधी त्या कोपऱ्याकडे जाते. पुरुष गिऱ्हाईक असलं तर ती खोकल्याच्या गोळ्यांची बरणी निरखत उभी राहते. तो गेला की आवाज खाली येतो. पदराआडून चिठ्ठी निघते, नाहीतर रिकामी पट्टी, नाहीतर नुसती खूण. 'ते', 'तसलं', 'मागच्या वेळचं'. एवढ्यावरून औषध ओळखायचं आणि वर खात्री करून घ्यायची, की ओळखलं ते बरोबर आहे. चुकलं तर गंमत राहत नाही.

आता गमतीचा म्हणावा असा एक किस्सा. सफाळ्याहून एक निवृत्त गृहस्थ बायकोचं जेल न्यायला यायचे. पाळी कायमची गेल्यावर बाईच्या अंगातलं एक संप्रेरक कमी होतं. मग अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, चिडचिड होते. ज्यांना हे फार सोसत नाही त्यांना डॉक्टर ते संप्रेरक थोडं बाहेरून देतात, गोळीतून किंवा दंडाला-मांडीला चोळायच्या जेलमधून. तर हे गृहस्थ महिन्याचं जेल पंधरवड्यात संपवून पुन्हा हजर.

"एवढ्या लवकर कसं संपलं?" मी विचारलं.

"दोघं लावतो ना. ती दंडाला, मी गुडघ्यांना. मॅडम, गुडघ्यांना इतका आराम आहे!"

मी जेल दाखवून ते कशाचं आहे हे सांगितलं. त्यांनी दोन्ही हात काउंटरवरून झटकन मागे घेतले.

"मला काही होईल का हो?"

"मिशी राहील," मी म्हटलं, "पण आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना भेटून या." त्यानंतर जेल न्यायला त्यांची बायको स्वतः यायला लागली.

आणि या दिवसांत हमखास खपणारी वस्तू म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. हरतालिका, गणपती, गौरी, मग नवरात्र. घरात देव बसणार आणि नेमकी तीच तारीख. चिठ्ठी असेल तरच मी देते. चिठ्ठी नसेल तर डॉक्टरांकडे पाठवते आणि शिव्या खाते. याच रस्त्यावर पुढे आणखी मेडिकल आहेत, तिथे न विचारता मिळते, हे मलाही ठाऊक आहे आणि शिव्या देणारीलाही.

या धंद्याची एक गोष्ट मला अजून सोसत नाही. काउंटरवर माणसाच्या गोष्टीचा फक्त मधला भाग कळतो. दुखणं सुरू कसं झालं ते डॉक्टरला ठाऊक, शेवटी काय झालं ते घरच्यांना. आमच्या वाट्याला एक पट्टी, कापून हवी की अख्खी, एवढंच. माणूस यायचं थांबलं की बरं झालं, दुसरीकडे जायला लागलं, की गेलंच, हे कळायला मार्ग नसतो.

इथवर लिहिलं आणि मंदाताई दुकानात आल्या. त्यानंतर हे कागद दोन-तीन आठवडे तसेच पडून राहिले. पुढचं सगळं नंतर लिहिलेलं आहे. मंदाताई हे त्यांचं खरं नाव नाही. लिहायला त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर : मेसचं नाव यायला नको, चपात्यांचं कौतुक मात्र आलं पाहिजे. तर चपात्या उत्तम असतात.

मंदाताई मूळच्या कराडकडच्या. नवरा, दिनकरराव, इथल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. त्या कामगारांसाठी मेस चालवतात. दिवसभर तव्यापुढे उभं राहायचं काम, त्यात पाळी गेल्यावर अंगातून अशा वाफा निघायला लागल्या, की एकदा चपाती तव्यावर सोडून त्या मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसल्या होत्या. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना जेल आणि सोबत रात्री घ्यायची कॅप्सूल दिली. जेल त्या माझ्याकडून न्यायच्या. कॅप्सूल मात्र त्या पालघरला तपासणीला गेल्या, की तिथूनच आणायच्या.

त्या दिवशी त्या फ्रीजच्या कोपऱ्यात आल्या, मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ती गोळी द्या. पाळी थांबवायची."

"लेक आलीय का सणाला?"

"लेकीला कशाला? मलाच."

"मंदाताई, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली!"

"गेलती. आली परत." त्या बरणीवरून नजर हलवत नव्हत्या. "आधी नुसते डाग, आता चांगलंच जातंय. यंदा पहिल्यांदा गौरी माझ्या घरात बसणार. थोरल्या जावेला हुत न्हाई म्हणून सासूबाई मुखवटे घिऊन हितं येणार. आन नेमकं आत्ताच हे."

पाळी एकदा कायमची गेली, की ती परत येत नाही. जे येतं ते रक्त असतं, पाळी नसते. जेल-कॅप्सूलचं हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत थोडे डाग दिसू शकतात. मी स्वतः हे औषध घेते, मलाही दिसले होते. मी डॉक्टरांना फोन केला, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, पुढे आपोआप थांबलं. ते थांबेपर्यंत मी रोज दहा वेळा बाथरूमला जाऊन कपडे तपासत होते आणि काउंटरवर लोकांना चुकीचे सुटे पैसे देत होते. पण मंदाताईंचं औषध सुरू होऊन बराच काळ झाला होता. एवढ्या काळानंतर रक्त दिसलं तर ते डॉक्टरने बघायचं असतं. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं. पण बहुतेक वेळा, नेहमी नाही.

हे सगळं मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. मग विचारलं, "दोन्ही औषधं नीट चालू आहेत ना? जेल आणि कॅप्सूल?"

"जेल चालूच हाय. कॅप्सूल श्रावणात न्हाई घेत."

"का?"

आता आवाज खाली ठेवायचं त्या विसरल्या. "आवं, तिच्यावरचं कव्हार जनावराच्या हाडाचं असतंय! आमच्या भजनी मंडळात मोबाइलवर आलंय. श्रावणात मी अंडं शिवत न्हाई, आन हाडं गिळू व्हय?"

ते खोटं नव्हतं. तसल्या कॅप्सूलचं मऊ आवरण बहुतेक जनावराच्या हाडा-कातड्यापासूनच करतात. लोक कशावरही विश्वास ठेवतात असं म्हणून उडवून लावायची सोय नव्हती.

दुकानाच्या पायरीशी दांडीच्या हौसाबाई टोपली घेऊन बसतात. श्रावणात मासळीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे कान मोकळे. त्यांनी बाहेरूनच आवाज दिला, "अगो बाय, आमच्या गौरीला चिंबोऱ्या लागतात! चांगल्या अंड्यांनी भरलेल्या, लाखेच्या. तुजी गौर येवढ्याशा कॅप्सूलला भितं काय?"

"तुमचं तुमच्यापाशी," मंदाताई तडकल्या. "आमच्यात चालत न्हाई."

"नाय चालत त नको खाव. पन रगत जातंय त डाक्टरला दाकव. आमी गरीब मानसा, आमाला कोन जेल लावतंय?"

मंदाताईंचा चेहरा उतरला. माझ्या दुकानातली गोष्ट पायरीपर्यंत गेली, ती त्यांच्याच आवाजाने गेली, तरी राग माझ्यावर निघणार हे मला दिसत होतं. मी घाईने समजावलं. ही दोन औषधं जोडीने का देतात, ते आधीच सांगायला हवं होतं. जेलमधलं संप्रेरक गर्भपिशवीच्या आतलं अस्तर वाढवतं. कॅप्सूल त्या वाढीला आवर घालते. पिशवी शाबूत असलेल्या बाईने जेल चालू ठेवून कॅप्सूल सोडली, की अस्तर माजतं. रक्त त्यामुळेही गेलं असेल. पण नक्की कशामुळे हे काउंटरवर उभं राहून मला कळणार नाही आणि त्यांनाही नाही.

"मग गोळी द्या, रक्त थांबंल. गौरी गेल्या की जाते पालघरला."

"नाही देणार. रक्त थांबेल, कारण तसंच राहील."

"पोरींना देता की!"

"चिठ्ठीवर देते. आणि त्यांना पाळी येते."

त्यांनी पिशवी उचलली. "दुकानं लई हायती," म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवार गेला. एरवी सकाळी भाजी घेऊन जाताना त्या दुकानासमोरून जायच्या, त्या दिवशी पलीकडच्या बाजूने गेल्या. मी औषधं देत होते, पण लक्ष रस्त्यावर. एका माणसाला बीपीच्या गोळीऐवजी नुसती पिशवीच दिली. तो म्हणाला, "मॅडम, गोळी?" दुपारी फोन उचलला आणि ठेवला. बोलणार काय? गिऱ्हाइकाच्या मागे लागायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि मागे लागलं की ते माणूस तुटतं, हेही पाहिलेलं आहे.

रविवारी दिनकरराव आले. फ्रीजच्या कोपऱ्याचा नियम त्यांना माहीत नव्हता. भर काउंटरवर त्यांनी खिशातून एक पट्टी काढून ठेवली. तीच गोळी. माझ्याकडची नव्हती. दोन-चार घरं रिकामी झालेली.

"मॅडम, ही कशाची? हिच्या पिठाच्या डब्यामागं घावली. इचारलं तर म्हणती, पित्ताची. आमच्या हिला जन्मात पित्त न्हाई."

औषध कोणाचं आणि कशाचं, हे दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि खरं तर नवऱ्याला आधी नाही. मी पट्टी उलटी करून ठेवली. 'पित्ताची आहे' म्हणणं खोटं होतं आणि 'पित्ताची नाही' म्हणणं म्हणजे सांगणंच होतं.

"हे तुम्ही त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

"म्हंजे पित्ताची न्हाई."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही काय म्हणाला न्हाईत तेच कळलं." कारखान्यात सगळं आयुष्य काढलेला, राकट हातांचा माणूस. पट्टी उचलून त्यांनी खिशात घातली. "लई वंगाळ काय हाय का, एवढंच सांगा."

"उद्या दुपारी मेसवर येते. तोवर त्यांना ओरडू नका आणि ही पट्टी होती तिथे ठेवा."

सोमवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गेले. मेसच्या स्वयंपाकघरात सकाळचे डबे धुऊन पालथे घातले होते, संध्याकाळच्या कणकेचा गोळा झाकून ठेवला होता. मंदाताईंनी मला बघून लाटणं हातात घेतलं, लाटायला काही नसताना.

"थांबलं बघा," म्हणाल्या. "दोन दिस झालं, एक थेंब न्हाई. उगं घाबरवलं तुम्ही."

"गोळीने थांबलं. गोळी सोडाल तेव्हा रक्त परत सुरू होईल."

"तवा गौरी गेलेल्या असत्याल."

"मग तेव्हा तरी जाल पालघरला?"

त्या ओट्यावरची पिठाची धूळ हाताने एका जागी गोळा करत राहिल्या. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "मंदाताई, गौरी बसवायच्या आहेत की गौरीआड लपायचं आहे?"

लाटणं ओट्यावर जोरात आपटलं. मग त्या म्हणाल्या, "थोरल्या भणीचं असंच सुरू झालतं. पाळी गेल्यावर. ती बी म्हणाली, आली परत. सगळे हसले. पुढच्या दिवाळीला ती नव्हती." लाटणं बाजूला सारून, "एक सण करू द्या मला. न कळता. मग सांगा काय सांगायचं ते."

बहिणीचं त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. दारात दिनकरराव उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नाही, पण गोळीचं आणि बहिणीचं ऐकलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

"मंदे," ते म्हणाले, "प्लँटला गॅसचा बझर वाजला, की एखादा शहाणा पळत जाऊन पयला बझर बंद करतो. डोकं उठतंय म्हणून. गळती तिथंच. अशा दोघांना मी उचलून भायेर काढलंय."

"तुम्हाला कोण मधी बोलाय सांगितलं?" मंदाताई म्हणाल्या, पण रडत म्हणाल्या. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्याच या, आणि जे जे घेतलं असेल ते सगळं सोबत आणा. लपवून घेतलेलं आधी.

उद्या म्हणजे हरतालिका. दिनकररावांनी पाळी बदलून घेतली होती, ते मोटारसायकलवर पुढे गेले. आम्ही दोघी रिक्षाने. पालघर येईपर्यंत मंदाताई मोदकाच्या सारणात खसखस घालावी की नाही, यावर बोलत होत्या. मी उत्तरं देत होते. आम्हा दोघींनाही मोदकाचं काही पडलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. अस्तर जितकं हवं त्याहून जाड होतं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, तो इथेच काढता येईल, दुखेल पण थोडा वेळ. मंदाताईंनी मान हलवली. मग बाईंनी सहज विचारलं, "आज उपास असेल ना? उपासाला काय काय सोडता?"

"मीठ, धान्य, चहा... आन कॅप्सूल."

"कॅप्सूल फक्त श्रावणात सोडली होती ना?"

"श्रावण तर आताचा. मागल्या साली चातुर्मास धरलाता. मग मार्गशीर्षातले गुरुवार. सोमवार तर कायमचेच. एकादशी. संकष्टी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मीही हिशेब करायला लागले आणि सोडून दिला. त्यांच्या वर्षात कॅप्सूल घ्यायला चालणारे दिवसच थोडे होते. जेलला मात्र कुठलाच उपास नव्हता. मी शुक्रवारी 'श्रावणात' एवढं ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता. मला वाटलं होतं, मला सगळं कळलं.

"आवरणाची अडचण होती, तर मला विचारायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळते. उपासाला चालणारी. सोडायचं असेल तेव्हा दोन्ही मी सांगेन तसं सोडायचं. एक सोडून एक नाही."

"देवाचं डॉक्टरला काय इचारायचं?" मंदाताई म्हणाल्या. त्यांना ते खरंच सुचलं नव्हतं. मलाही, इतकी वर्षं औषधं देताना, हे कोणाला विचारावंसं सुचलं नव्हतं.

तुकडा काढला. जेल बंद ठेवायला सांगितलं. रिपोर्ट यायला आठवडा तरी लागेल, मधे सुट्ट्या. थोडं रक्त जाईल, घाबरू नका.

म्हणजे गौरी रिपोर्टच्या आधीच येणार होत्या, आणि रक्त असतानाच. मंदाताईंनी सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दिनकररावांनी आई गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरच तिला सगळं सांगून टाकलं. हे मला मंदाताईंनी नंतर चिडून सांगितलं. म्हातारी घरी आली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाली, "पाळी व्हय ती? दुखणं हाय. मुखवटे मी मांडते, तू पुरण वाट."

झालं. एवढंच. "एवढं सोपं हुतं, तर मी पिठाच्या डब्यामागं काय म्हणून लपवत बसले?" मंदाताई मलाच विचारत होत्या. गौरी जेवल्या त्या दिवशी मी हळदीकुंकवाला गेले. आरास चांगली होती, पुरणपोळी त्याहून चांगली. मंदाताई हसून सगळ्यांचं करत होत्या आणि फोन कमरेला खोचलेला होता. वाजला, की हातातलं ताट ठेवून आधी तो बघायच्या. दोनदा लेकीचा होता, एकदा गॅस सिलिंडरवाल्याचा. माझंही तेच. घरी आरती चालू असताना मी टाळ्या वाजवत तपासणीच्या निकालांचे प्रकार मनात घोळवत होते. साधं. मधलं. वाईट. जास्त माहिती असली की चिंता कमी होते, असं लोकांना वाटतं. जास्त माहितीने फक्त चिंतेची नावं कळतात.

विसर्जनं झाली. रिपोर्ट एका दुपारी मंदाताईंच्या फोनवर आला. त्यांनी तो उघडला नाही. हाताला पीठ तसंच, त्या दुकानात आल्या. कोपऱ्यात न जाता सरळ मधे आल्या आणि फोन माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही वाचा."

आत दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "थांबा जरा," आणि ती खरंच थांबली. मी वाचलं. पहिल्या वाचनात डोळे फक्त एक शब्द शोधत होते. तो नव्हता. दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा अस्तराची वाढ झाली आहे, हे होतं. पण अर्थ लावायचं काम माझं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मंदाताईंच्या कानाला दिला. त्या ऐकत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तीन-चारदा "व्हय" म्हटलं. शेवटी विचारलं, "म्हंजे भणीसारखं न्हाई?"

मग फोन माझ्या हातात दिला आणि त्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी मलाही तेच सांगितलं. पेशी वाढल्या आहेत, कर्करोग नाही. आत्ता सापडलं, म्हणून औषधाने आटोक्यात येईल. ते औषध रोज घ्यायचं, सण असो नसो, आणि काही महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा. तोवर जेल नाही. 'तोवर' म्हणताना त्यांचा आवाज तसाच होता, पण मला तो शब्द लागून राहिला. सुटका झाली असं म्हणायला अजून वेळ होता.

"मग तव्यापुढं पुन्ना वाफा?" मंदाताईंनी विचारलं.

"होतील कदाचित. त्यावर दुसरं काही देता येतं का ते त्या बघतील."

"मोरी हाय की," म्हणाल्या. उठल्या, काउंटरवर पडलेलं पीठ पदराने पुसलं. मी नवीन गोळी काढून दिली. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. "ह्याला कव्हार न्हाई ना?" "नाही." "नीट बघून सांगा." मी चष्मा लावून सगळं वाचून दाखवलं.

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. त्या बऱ्या होतील याचा आनंद होता, पण डोक्यात दुसरंच चालू होतं. भजनी मंडळात तो निरोप काही एकट्या मंदाताईंच्या मोबाइलवर आलेला नव्हता. आणि नवरात्र तोंडावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडू मारला, देवापुढे उदबत्ती लावली आणि रिकामी पट्टी कंबरेला खोचून येणाऱ्या त्या सगळ्या बायका आठवायला घेतल्या, ज्या ती कॅप्सूल माझ्याकडून नेतात. गिऱ्हाइकाच्या मागे लागायची आमच्याकडे पद्धत नाही. पहिला फोन वसाहतीतल्या एका बाईंना लावला. त्या म्हणाल्या, "घेते की नियमित. का हो?" काही नाही, सहज, असं म्हणून ठेवला.

दुसरा फोन घिवलीच्या अंगणवाडीतल्या बाईंना. मी विचारलं, "उपासाच्या दिवशी कॅप्सूल घेता ना?"

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका बंद झाला.

"मॅडम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं?"